रेंज आहे, नेट नाही : मोजणार कोण?

नाशिकच्या चौकाचौकांत आता एका नव्या वस्तूची जाहिरात दिसते. वायर नको, खोदकाम नको, छपरावर एक डबी बसवा आणि घरात वेगवान इंटरनेट घ्या! ऑगस्ट २०२३ मध्ये एअरटेलने दिल्ली आणि मुंबईत ही सेवा आणली. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला जिओने पुणे-मुंबईसह आठ शहरांत ती सुरू केली आणि मग ती लहान-मोठ्या गावांकडे सरकली. त्याच्याही कितीतरी आधीपासून केबलवाल्याच्या गच्चीवरची थाळी आणि आपल्या छपरावरची थाळी समोरासमोर धरून नेट देण्याचा धंदा आपल्याकडे चालत आला आहे. तत्त्व एकच. घर जागचे हलत नाही, टॉवर जागचा हलत नाही आणि दोघांच्या मध्ये तारेऐवजी हवा. म्हणून हिला स्थिर बिनतारी जोडणी म्हणतात.

आमचा या जोडणीला विरोध नाही, हे प्रथमच सांगून टाकतो. उलट आमच्या वस्त्यांना तिचा उपयोग इतरांपेक्षा जास्त आहे. चार फुटांच्या गल्लीत फायबर टाकायला कंपनी येत नाही. झोपडपट्टी नियमित नाही म्हणून खोदण्याची परवानगी मिळत नाही, आणि परवानगी मिळाली तरी खर्च निघत नाही म्हणून काम होत नाही. पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या पाड्यांची गोष्ट तर वेगळीच. तिथे एका पाड्यापासून दुसऱ्या पाड्यापर्यंत तार न्यायची तर दरी उतरून डोंगर चढावा लागतो. रेडिओ लहरीला गल्लीही अडवत नाही आणि दरीही अडवत नाही. प्रश्न निराळाच आहे. तार एकदा नीट टाकली की ती सकाळी जशी असते तशीच रात्रीही असते. हवेतली जोडणी तशी नसते. ती दर तासाला बदलते, ऋतूप्रमाणे बदलते, शेजाऱ्याने नवी डबी लावली तरी बदलते. म्हणून ती सतत मोजावी लागते. आणि मोजमाप आले की पहिला प्रश्न येतो तो हा, की मोजपट्टी कोणाच्या हातात?

आमच्याच अनुभवाचे सांगतो. नाशिकरोडकडच्या एका वस्तीत विहाराला लागून मुलांची अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षा देणारी, मुक्त विद्यापीठाचे अर्ज भरणारी, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीसाठी झगडणारी मुले तिथे बसतात. वर्गणी काढून तिथे छपरावरच्या डबीचे नेट घेतले. मार्च महिन्यात जोडणी झाली तेव्हा सारे आनंदात होते. मे उजाडेपर्यंत रडगाणे सुरू झाले. दिवसा चालते, रात्री आठनंतर थांबते. अर्जाचे पान अर्ध्यावर अडकते, पुन्हा पहिल्यापासून भरा. तक्रार केली की कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला यायचा, मोबाइलवर स्पीड टेस्ट लावायचा, काटा भरकन वर जायचा, "बघा, पूर्ण मिळतंय" म्हणायचा आणि तक्रार बंद! असे तीनदा झाले. चौथ्या वेळी पोरांनीच ठरवले की आपण मोजू.

मोजायला फार काही लागले नाही. एक जुना संगणक, डबीला थेट जोडलेली वायर आणि प्रत्येक संगणकात असतेच ती 'पिंग' नावाची साधी आज्ञा. पिंग म्हणजे हाक मारणे. आपण हाक मारायची आणि 'ओ' किती वेळात येते, शंभर हाकांपैकी किती वाया जातात, ते लिहून ठेवायचे. मुलांनी तीन ठिकाणी हाका मारल्या. पहिली आपल्याच छपरावरच्या डबीला, दुसरी समोरच्या टॉवरवरच्या यंत्राला आणि तिसरी टॉवरच्या पलीकडे, बाहेरच्या जगात. दर तासाला, दोन आठवडे.

दोन दोष निघाले. एक आमचाच होता. विहाराच्या अंगणातला पिंपळ मार्चमध्ये निष्पर्ण होता, तेव्हा डबी बसली. पुढे त्याला भरगच्च पालवी फुटली आणि ती नेमकी डबी आणि टॉवर यांच्या मध्ये आली. बोधिवृक्षाच्या फांदीला हात लावण्याचा प्रश्नच नव्हता. पाइप बाजूच्या भिंतीवर हलवला आणि दुसऱ्या हाकेला पुन्हा ठणठणीत 'ओ' येऊ लागली. पण तिसरी हाक मात्र रात्री आठ ते अकरा तशीच वाया जात राहिली. याचा अर्थ स्वच्छ होता. छपरापासून टॉवरपर्यंत वाट मोकळी, टॉवरच्या पुढे गर्दी. कंपनीने टॉवरला जेवढे नेट आणले होते त्यापेक्षा किती तरी जास्त घरांना विकले होते. सकाळी अकराला माणूस का येत होता, याचेही उत्तर त्यातच मिळाले. वही समोर ठेवल्यावर कंपनीच्या साहेबांची भाषा बदलली. काम लगेच झाले नाही, पण "तुमच्याकडेच काहीतरी आहे" हे वाक्य पुन्हा ऐकू आले नाही.

यातले शास्त्र थोडक्यात समजून घेतले पाहिजे, कारण ते न कळल्यामुळेच आपल्याला गंडवले जाते. आपण ज्याला रेंज म्हणतो ती म्हणजे आलेल्या लहरीचे बळ. ते डीबीएम या मापात, उणे आकड्यात सांगतात. उणे ६० म्हणजे बरे, उणे ८० म्हणजे दुबळे. दर तीन आकड्यांना बळ निम्मे होते. टॉवरचे अंतर दुप्पट झाले तर मोकळ्या हवेतसुद्धा सहा आकडे जातात, म्हणजे बळ चौथाई उरते. परंतु नुसते बळ पुरत नाही. आजूबाजूचा गोंगाट किती, हेही पाहावे लागते. बाजारात ओरडून बोललेले ऐकू येत नाही आणि विहारात कुजबुज ऐकू येते, तसे. गोंगाट वाढला की रेडिओ आपोआप सावकाश बोलू लागतो. शब्द स्पष्ट पोहोचावेत म्हणून तो वेग कमी करतो. रेंजच्या काड्या मात्र भरलेल्याच दिसतात! 'रेंज फुल आहे, पण नेट नाही' हे आपल्या पोरांचे रोजचे वाक्य अडाणीपणाचे नाही. तांत्रिकदृष्ट्या ते अगदी अचूक आहे.

दोन ठिकाणांच्या मध्ये नुसती नजर पोहोचली म्हणजे झाले, असेही नाही. लहर सुतासारखी सरळ जात नाही, मध्यभागी ती फुगते. दहा किलोमीटरची जोडणी ५.८ गिगाहर्ट्झवर असेल तर मध्यावर सुमारे अकरा मीटर त्रिज्येची जागा तिला लागते आणि त्यातली निम्म्याहून अधिक मोकळी असावी लागते. डोंगराचा माथा किंवा आंब्याची राई त्यात घुसली की जोडणी दिसते, पण चालत नाही. पावसाचे म्हणाल तर ५ गिगाहर्ट्झला इगतपुरी-त्र्यंबकचा पाऊससुद्धा फारसा अडवत नाही, भिजलेली पाने अडवतात. २६ गिगाहर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या वर मात्र मुसळधार पाऊस खरोखरच भारी पडतो. तेव्हा 'पावसामुळे बंद आहे' असे कोणी सांगितले तर कोणत्या पट्ट्यावर, हे विचारायला शिकले पाहिजे.

या बाबतीत आपल्या देशात उत्तम अभ्यास झालेला आहे. आयआयटी कानपूरमध्ये असताना कामेश्वरी चेब्रोलू, भास्करन रामन आणि सायनदीप सेन यांनी कानपूर परिसरातील खेड्यांना जोडणाऱ्या लांब पल्ल्याच्या वायफाय जोडण्या बारकाईने मोजल्या आणि २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांना आढळले ते असे की हवामानाचा या जोडण्यांवर विशेष परिणाम होत नाही. माहिती हरवते ती मुख्यतः त्याच पट्ट्यावर बोलणाऱ्या दुसऱ्या वायफायच्या गोंगाटाने. तमिळनाडूत थेणी येथील अरविंद नेत्र रुग्णालयाने बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांच्या मदतीने खेड्यातील केंद्रे अशाच जोडण्यांनी रुग्णालयाला जोडली. खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाचा डोळा डॉक्टर शहरातून पाहू लागले. तिथल्या बिघाडांचा हिशेब मांडला तेव्हा असे दिसले की दोष पुष्कळदा रेडिओचा नव्हताच, विजेच्या खराब पुरवठ्याचा होता. भारनियमन सोसणाऱ्या तालुक्यांना हे कोणी शिकवायला नको.

आणि आपल्या शेजारचेच उदाहरण घ्या. त्र्यंबकचा घाट उतरला की मोखाडा, जव्हार, म्हणजे पालघर जिल्हा. त्या जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या 'ग्राममार्ग' प्रकल्पाने खामलोली परिसरात टीव्हीच्या रिकाम्या पट्ट्यातून इंटरनेट नेण्याची चाचणी घेतली आणि पुढे ५.८ गिगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यावर पंचवीस गावे जोडली. २०१७ साली मोझिलाने या प्रकल्पाला सव्वा लाख डॉलरचे पहिले बक्षीस दिले. म्हणजे सह्याद्रीच्या आदिवासी पट्ट्यात रेडिओ चालतो, हे सिद्ध झालेले आहे. 'तुमच्याकडे भूगोलच तसा आहे' ही सबब उरलेली नाही. मात्र तेव्हाचा पट्टा मोकळा होता. २०१८ साली ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग बाहेरच्या वापरासाठी परवानामुक्त झाला, कोणीही डबी लावावी अशी सोय झाली. हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर गोंगाटही वाढला, आणि मोजमापाची गरजही वाढली.

मग सरकारी मोजमाप काय करते? ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, हे काम करते. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएस मिळाले की ब्रॉडबँड म्हणत. २०१३ साली ५१२ झाले आणि जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस. घरगुती गिऱ्हाइकांत एका नळाचे पन्नासपेक्षा अधिक वाटे करू नयेत, असे ट्रायने २००९ च्या मार्गदर्शक सूचनेत म्हटले होते. २ ऑगस्ट २०२४ रोजी सेवेच्या दर्जाचे नवे नियम निघाले आणि १ ऑक्टोबरपासून लागू झाले. कंपन्यांनी आपल्या जाळ्याचे नकाशे संकेतस्थळावर टाकावेत, पूर्ण जिल्ह्यात सेवा चार तासांहून अधिक बंद राहिली तर ट्रायला कळवावे, चोवीस तासांहून अधिक बंद राहिली तर ग्राहकाला भरपाई द्यावी, अशा तरतुदी त्यात आहेत. पूर्वीपेक्षा हे निश्चित पुढचे पाऊल आहे.

पण शब्द नीट वाचा. पूर्ण जिल्ह्यात! नाशिक जिल्हा म्हणजे पंधरा तालुके. शहरात, निफाडात, सिन्नरला नेट चालू असेल आणि सुरगाण्यातला एखादा पाडा दहा दिवस अंधारात असेल, तर जिल्हा बंद पडला असे कोण म्हणणार? पंचवटीतल्या झोपडपट्टीवरची एक डबी गेली, चाळीस घरे गेली, तर ती कोणत्या तक्त्यात येणार? दर्जाचे बहुतेक आकडे परवाना क्षेत्राच्या सरासरीने तपासले जातात आणि महाराष्ट्राचे परवाना क्षेत्र म्हणजे मुंबई वगळून सारे राज्य, वर गोवा. पुण्याच्या हिंजवडीचे आणि पेठच्या पाड्याचे एकच सरासरी मापन! परीक्षेला बसलेली मुलगी सरासरीत बसत नाही. ती त्या रात्रीच्या त्या तासात बसते. लॉकडाऊनच्या काळात, २०२० साली, सिंधुदुर्गात एका विद्यार्थिनीने रेंजसाठी डोंगरावर झोपडी बांधून व्याख्याने ऐकली, याचे कौतुक सगळ्या वर्तमानपत्रांनी छापले. तिचे गाव कोणत्या तक्त्यात 'जोडलेले' दाखवले होते, हे विचारायला कोणी गेले नाही.

चळवळीच्या वाचकाला हा प्रकार नवा नाही. १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे तीन वर्षे खुले होते! ओंजळभर पाणी मात्र कोणाला मिळाले नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावाची खरी तपासणी झाली आणि सनातन्यांनी त्यानंतर जी मारहाण केली तिने तपासणीचा निकालही सांगितला. पाणी आणि नेट एकच नव्हे, हे आम्हाला कळते. पण 'खुले आहे' असे लिहिणारा हात आणि ओंजळ भरली की नाही ते सांगणारा हात निराळे असतात, एवढे साम्य पुरे आहे. बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते. साउथबरो समितीपुढे १९१९ साली ते गेले ते आकडे घेऊन. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री असताना विजेच्या नियोजनाचे खाते त्यांच्याकडे होते. त्यांच्या अनुयायांनी भाषणे ऐकायची आणि आकडे दुसऱ्यांनी लिहायचे, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

बरे, हा ऐषआरामाचा प्रश्नही राहिलेला नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन, नोकरीचा अर्ज ऑनलाइन, जातपडताळणी ऑनलाइन. रेशन दुकानात अंगठा लावला की मशिनने सर्व्हरला हाक मारायची. 'ओ' आली नाही तर "बाई, उद्या या." त्या बाईची एक दिवसाची मजुरी बुडाली, तिची नोंद कोठेच नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोच हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ज्या सरकारने सगळे दरवाजे मोबाइलवर नेले, त्याने मोबाइलपर्यंतची वाट चालू आहे की नाही हेही पाहिले पाहिजे. केरळने २०२३ साली के-फोन सुरू करून दारिद्र्यरेषेखालील घरांना मोफत जोडणी देण्याचे काम हाती घेतले. महाराष्ट्रात भारतनेट-महानेटची तार ग्रामपंचायतीच्या कपाटापर्यंत येते. कपाटातून दलित वस्तीपर्यंत कोण नेणार, आणि नेली तर चालते का ते कोण पाहणार?

इकडे २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा आहे. रामकुंड, तपोवन, त्र्यंबकेश्वर येथे लाखोंची गर्दी होणार म्हणजे जादा टॉवर, जादा फायबर लागणारच. ज्या काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० पासून दादासाहेब गायकवाड आणि आपल्या आयाबाया सत्याग्रहाला बसल्या, ते याच परिसरात. आमचे म्हणणे एवढेच की सार्वजनिक पैशाने जे उभे राहील ते स्नाने संपल्यावर गुंडाळून नेऊ नये. गर्दीच्या दिवसांत जाळे कसे चालले याच्या नोंदी जाहीर कराव्यात, आणि तीच यंत्रे नंतर मल्हारखाण, फुलेनगर, गंजमाळच्या मुलांना आणि त्र्यंबक तालुक्यातल्या पाड्यांना उपयोगी पडावीत. भाविकाला तीन दिवस मिळणारे नेट विद्यार्थ्याला तीनशे दिवस का नको?

तक्रारीचा रस्ता आहे. मोठ्या कंपनीकडे आधी तक्रार नोंदवून क्रमांक घ्यायचा. निकाल पटला नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जायचे. २०१२ च्या नियमांप्रमाणे अपिलाचा निकाल ३९ दिवसांत लागला पाहिजे. पूर्वी ग्राहक मंचात दूरसंचाराचे प्रकरण नेले की कंपनीचे वकील सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल दाखवून ते उडवून लावत. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी त्याच न्यायालयाने ग्राहक आयोगांना हा अधिकार आहे असे स्पष्ट केले. पंचायतीतील भारतनेट किती तास बंद होते, याची माहिती माहितीच्या अधिकारात मागता येते. परंतु हे सारे रस्ते पुराव्याशिवाय चालत नाहीत. 'नेट चालत नाही' हे वाक्य म्हणजे तक्रार. तारीख, वेळ आणि हुकलेल्या हाका लिहिलेली वही म्हणजे पुरावा.

आणखी एक गोष्ट मनात येते ती लिहून टाकतो. टॉवरवर चढणारी, उन्हात पाइप ठोकणारी, केबल ओढणारी पोरे बरीचशी आपलीच असतात. आयटीआय करून कंत्राटदाराकडे लागतात. थाळी कुठे वळवायची हे त्यांना कोणाही साहेबापेक्षा चांगले कळते. मोजण्याचे यंत्र मात्र साहेबाच्या टेबलावर असते. या पोरांना वस्तीवस्तीत बोलावून एखाद्या रविवारी अभ्यासिकेतल्या मुलांना शिकवायला लावले तर एक कार्यकर्ता शिबिर तेवढ्यावर होईल.

नाशिकच्या अभ्यासिकांनी, मंडळांनी, महिला बचत गटांनी अशी वही ठेवावी. नियम दोन-तीनच. मोबाइलच्या वायफायवर मोजू नये, डबीला वायर लावून मोजावे, नाहीतर घरातल्या भिंतीचा दोष टॉवरच्या माथी जातो. एकदाच मोजू नये. सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि रात्री आठ ते दहाच्या दरम्यान दोनदा, असे निदान पंधरा दिवस. कंपनीच्या स्वतःच्या स्पीड टेस्टवर विसंबू नये, ट्रायचे 'मायस्पीड' ॲप २०१६ पासून आहे, तेही लावावे, म्हणजे नोंद सरकारकडेही जाते. वहीत रकाने आखावेत : तारीख, वेळ, रेंज, डबीची हाक, टॉवरची हाक, बाहेरची हाक, वीज होती की नव्हती. शेवटचा रकाना थोडा रुंद ठेवावा. त्या वेळी कोणाचा कोणता अर्ज अडला, कोणाचे रेशन परत गेले, ते त्यात लिहावे.